तिसरा रकाना

"या घरात वस्तूंना पाय फुटतात," टेबलाखालून पुटपुटणं ऐकू आलं. "ठेवावी एकीकडे, सापडावी भलतीकडे. जगायचं कसं माणसानं?"

टेबल माझं, कापड बेतायचं. मी वर बसून कुणाच्या तरी पँटची दुमड उसवत होते आणि खाली माझ्या पायांपाशी मास्तर गुडघ्यांवर रांगत होते.

"काय शोधताय?"

"काही नाही."

"मग ते काही नाही सापडलं की येताना जरा चिंध्याही गोळा करून आणा."

"टोमणे मारायला बरा वेळ मिळतो तुला."

ते बाल्कनीतल्या कुलपाची किल्ली शोधत होते. मला ठाऊक होतं, कारण सकाळीच ती मला साबणाच्या डबीत सापडली होती. पुसून मी ती बटणांच्या डब्यात टाकली होती. आता चहाचं निमित्त करून उठले, जाता जाता किल्ली त्यांच्या चष्म्याच्या घरात सरकवली आणि स्वयंपाकघरातून ओरडले, "चष्मा लावून शोधा की!"

दोन मिनिटांनी विजयी आवाज आला. "ही बघ! इथेच होती. मी म्हणत नव्हतो?"

"म्हणत होतात खरं," मी म्हटलं.

गेले सहा-सात महिने आमच्याकडे हा खेळ चालू होता. हरवायचं काम त्यांचं, सापडवायचं माझं, आणि शाबासकी त्यांची. खेळ चालू आहे हे मात्र एकाच खेळाडूला माहीत.

मास्तर म्हणजे माझा नवरा. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही. चौतीस वर्षं ते लिफ्ट दुरुस्त करत होते. हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाकडून पहिल्या दिवशी कुलपाचा नियम पाठ करून घ्यायचे, त्यावरून हे नाव पडलं आणि मलाही तेच तोंडात बसलं. नियम असा. लिफ्टच्या खड्ड्यात उतरायच्या आधी वरची वीज बंद करायची, स्विचला आपलं कुलूप घालायचं आणि कुलपाला लाल टॅग बांधायचा. टॅगवर तीन रकाने: नाव, वेळ, कारण. ज्यानं कुलूप घातलं त्यानंच ते काढायचं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, मग तो इमारतीचा मालक का असेना.

आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कुलपं नव्हती, नुसते टॅग असायचे. मास्तरांच्या जोडीदारानं घाईघाईत टॅग बांधला आणि तिसरा रकाना कोरा सोडला. रखवालदाराला वाटलं, कालचा राहिलाय. त्यानं तो काढून खिशात घातला आणि वीज चालू केली. जोडीदाराचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. मास्तर आठवडाभर नीट जेवले नाहीत. मग कचेरीत भांडून भांडून त्यांनी कुलपं आणवली, आणि तेव्हापासून एक वाक्य त्यांच्या तोंडी कायमचं बसलं. "कारण कोरं असलं तर टॅग म्हणजे चिटोरं. आणि कारण खोटं असलं तर त्याहून वाईट."

निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, गुडघ्यांचं तेल शोधतात. यांनी मुंगळा केला. मुंगळा म्हणजे चालणारं यंत्र, ताटाएवढं, सहा पायांचं. एकेका पायात तीन मोटारी, म्हणजे एकूण अठरा. वायरी माझ्या उरलेल्या फितींनी बांधलेल्या, त्यामुळे त्याच्या पोटाखालून कुणाच्या तरी परकराची गुलाबी किनार डोकावायची. "सहा पाय कशाला?" मी विचारलं होतं. "एखादा गेला तरी चालता येतं," ते म्हणाले, आणि स्क्रू फिरवत बसले.

मुंगळ्याचा जीव त्याच्या बॅटरीत. लिथियम पॉलिमरची, चष्म्याच्या घराएवढी, चंदेरी कागदात गुंडाळल्यासारखी दिसणारी. आत दोन सेल. तशीच आणखी एक जादा आणून ठेवलेली. "ही बॅटरी म्हणजे रागीट पाहुणा आहे," मास्तरांनी मला शिकवलं होतं. "जास्त खाऊ घालायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही, टोचायचं नाही, पाडायचं नाही. आणि जेवत असताना पाठ फिरवायची नाही." एका सेलला चार पॉइंट दोन व्होल्टच्या वर न्यायचं नाही, साडेतीनच्या खाली उतरू द्यायचं नाही. नुसती ठेवायची असेल तर मधेच, तीन पॉइंट आठवर. चालता चालता बॅटरी उतरली तर मुंगळ्याच्या पाठीवरचा एवढासा बझर असा किंचाळतो की दुधवाला दारातून परत जावा. माझं स्वतःचं ब्लडप्रेशर मला पाठ नाही, पण हे आकडे पाठ आहेत.

बॅटरी चार्ज करायची पिशवीही मीच शिवली. वेल्डिंगवाले ठिणग्या अडवायला वापरतात त्या काचतंतूंच्या कापडाची. तीन सुया मोडल्या आणि आठवडाभर हात खाजत होते. चार्जिंग बाल्कनीत, फरशीवर, पिशवीत, शेजारी वाळूची बादली. आणि चार्ज होईपर्यंत घराबाहेर पाऊल नाही. दोन वर्षांत हा नियम त्यांनी एकदाही मोडला नव्हता. एकदा दाढ ठणकत होती तरी डॉक्टरकडची वेळ चुकवून बाल्कनीत बसून राहिले.

मग चार महिन्यांपूर्वी मी इस्त्रीसाठी चार्जर मधेच काढला. अर्धवट भरलेली बॅटरी घेऊन मुंगळा तिसऱ्या मिनिटाला खाली बसला. मास्तर इतके चिडले की दुसऱ्या दिवशी त्यांनी बाल्कनीतल्या सॉकेटवर लोखंडी पेटी ठोकली. पिन आत, स्विच आत, पेटीला कुलूप, कुलपाला लाल टॅग. मी खूप हसले. इतकी वर्षं या माणसानं वीज बंद राहावी म्हणून कुलूप घातलं, आणि आता वीज चालू राहावी म्हणून घातलं, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही. आलं असतं तरी मी काय म्हटलं असतं?

कारण लक्षात येत होतं ते सगळं मी नाहीतरी गिळतच होते. मागच्या महिन्यात ते आमच्याच इमारतीच्या लिफ्टमधून चौथ्या मजल्यावर उतरले आणि तिथल्या दाराला आपली किल्ली लावत राहिले. आम्ही दुसऱ्यावर राहतो. वरच्या बाई हसत हसत त्यांना सोडायला आल्या. "लिफ्टचं बटण अडकतंय," मास्तर म्हणाले. "अडकतं हो ते," मी म्हटलं. त्या बाईही म्हणाल्या, "हो हो, अडकतं." तिघांनी मिळून एका निर्दोष बटणावर आळ घेतला.

नवा चार्जरही त्यांनी कपाटात टाकला होता. तो किती सेल आहेत ते स्वतः मोजतो, प्रश्न विचारतो, उत्तर चुकलं तर अडून बसतो. "नखरे करतो," म्हणाले, आणि माळ्यावरून जुना काढला. त्याला एक गोल बटण. दोन सेल असतील तर दोनवर फिरवायचं, तीन असतील तर तीनवर. तो काही विचारत नाही. सांगाल तेवढं भरत राहतो.

त्या शनिवारी सकाळी लेकीचा फोन आला. ती दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीवर बसते, म्हणून तिचं बोलणं नेहमी मागे रांग उभी असल्यासारखं.

"उद्याचं नक्की आहे का बाबांचं?"

"हो. प्रदर्शन आहे, हॉलमध्ये दहा वाजता. पाच मिनिटं मुंगळा चालवून दाखवायचाय. फळीवरून चढणार, उतरणार."

"चार्जिंग ते एकटेच करतात?"

"मी असते ना घरात."

"तू बघतेस ना?"

"बघते."

"आई."

"काय?"

"काही नाही. दुपारी येते मी."

तिच्या खिडकीवर कुणीतरी खोकलं आणि तिनं फोन ठेवला.

किल्ली सापडल्यामुळे मास्तर खुशीत होते. त्यांनी बाल्कनीत सगळी मांडामांड केली. पेटी बंद, कुलूप, टॅग. नाव: मास्तर. वेळ: अकरा चाळीस. कारण: चार्जिंग. अक्षर पूर्वीसारखंच, छापल्यासारखं. मी वाळत टाकलेले कपडे काढायला गेले तेव्हा वाकून पाहिलं. बघायचं म्हणून नाही, सवयीनं.

गोल बटण तीनवर होतं.

मुंगळ्याची बॅटरी दोन सेलची. तीनची त्यांच्या पहिल्या, मोडीत काढलेल्या यंत्राला होती.

मी हातात ओलसर टॉवेल घेऊन उभी राहिले. एवढंच म्हणायचं होतं, अहो, ते बटण बघा. चार शब्द. पण ते चार शब्द म्हटले की पाचवा आपोआप येतो, आणि तो पाचवा आमच्या घरात कुणीच उच्चारत नव्हतं. किल्ली असती तर गुपचूप चष्म्याच्या घरात घातली असती. बटणही गुपचूप फिरवलं असतं. पण तिथे लाल टॅग लटकत होता, आणि टॅग असलेल्या कामाला दुसऱ्यानं हात लावायचा नाही, हे मी तीस वर्षं त्यांच्याच तोंडून ऐकत आले होते. म्हटलं, चहा पिऊन ते परत जातील, पाहतील, त्यांचं त्यांना सापडेल. भरायला वेळ लागतोच.

"चहा घेता?" मी म्हटलं.

ते चहा प्यायले. मुंगळ्याचा डावा मधला पाय हलवून पाहिला. "एक स्क्रू ढिला आहे. आलोच दोन मिनिटांत," म्हणाले, आणि चप्पल घालून निघून गेले.

दार लागल्यावर मला कळलं काय झालं ते. चार्जिंग चालू आणि मास्तर बाहेर. दाढदुखीतही न मोडलेला नियम.

मी पँट हातात घेतली. दोन टाके घातले, उसवले. दारापर्यंत गेले, परत आले. बाल्कनीत डोकावले. पिशवी शांत. पुन्हा मशीनपाशी. सुईत दोरा ओवायला गेले तर तो आधीच ओवलेला. दोन मिनिटं दहा झाली, वीस झाली. फोन लावला. तो खुंटीवरच्या त्यांच्या शर्टात वाजला. साडेबाराला पुन्हा बाल्कनीत गेले तर पिशवीच्या तोंडातून बॅटरी दिसत होती आणि ती बॅटरी राहिली नव्हती. उशी झाली होती. गोडसर, नखांचा रंग पुसायच्या औषधासारखा वास येत होता.

मी कठड्यावरून वाकून खाली पाहिलं. समोरच्या बाकावर मास्तर बसले होते. हातात स्क्रूची पुडी.

"अहो! बॅटरी! वर या!"

त्यांनी मान वर केली. मला पाहिलं. आणि हात हलवला. छान, ओळखीच्या माणसाला करावा तसा. मग पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले.

पेटीचं कुलूप माझ्यापुढे, किल्ली त्यांच्या खिशात. मी धावत जाऊन दारामागचा मेन स्विच खाली ओढला. घर गप्प झालं. पण बॅटरीला त्याचं काही नव्हतं. तिला भरायचं तेवढं भरून झालं होतं. फुस्स असा आवाज झाला आणि पिशवीतून पांढरा धूर उसळला, मग काळा. मी माझ्या लांब लाकडी पट्टीनं पिशवी पडद्यापासून लांब कोपऱ्यात ढकलली, बादलीतली वाळू सुपलीनं तिच्यावर ओतली, एकदा, दोनदा, पूर्ण बादली. दार ओढून घेतलं आणि काचेमागे उभी राहिले. पिशवी फाटली नाही. माझी शिलाई, दुहेरी. पडद्याची एक कड करपली, पट्टीचं एक टोक जळलं, माझ्या मनगटाला चटका बसला. एवढंच.

एवढंच म्हणायचं, पण मला खाली बसवेना. मी खोलीभर फिरत राहिले.

धूर पाहून बाकीची इमारत वर आली आणि तिच्याबरोबर मास्तरही आले. ते गर्दीतून सरळ बाल्कनीत गेले. कुलूप काढलं. टॅग हातात घेऊन आपलंच अक्षर वाचलं. मग खाली बसले आणि चार्जरच्या गोल बटणाकडे पाहत राहिले. त्यांनी ते फिरवलं नाही. नुसतं पाहिलं.

"उन्हानं होतं असं," वरच्या बाई म्हणाल्या.

"चार्जर जुना झालाय हो," मी म्हटलं.

तीन वाजता लेक आली. माझ्या मनगटाला मलम लावता लावता तिनं खापर बॅटरीवर फोडलं. "हल्ली मालच असला येतो. दिसायला चकचकीत, आत काय असतं कोण जाणे. आणि बाबा, हा धूर वाईट असतो. तुम्हाला आधीच खोकला."

"मला खोकला कधी होता?" मास्तर म्हणाले.

"होता की, मागे."

"मागे तुला होता."

लेक माझ्याकडे बघायला लागली. मी पडद्याची करपलेली कड कातरायला घेतली.

"मी काय म्हणते," ती म्हणाली, "मुंगळा काही दिवस माझ्याकडे नेते. राहिलेली बॅटरीसुद्धा. उद्याचं रद्द करू. पुढच्या वर्षी बघू. काय घाई आहे?"

"का नेतेस?"

"सहज. जागा आहे माझ्याकडे."

"तुझ्याकडे? एका खोलीत तिघं राहता तुम्ही."

तिनं मुंगळ्याभोवती टॉवेल गुंडाळायला सुरुवात केली, बाळाला गुंडाळावं तसा. एक पाय सारखा बाहेर येत होता. तो आत घालता घालता तिचं नाक लाल झालं.

मास्तर उठले. पलंगाखालची हत्यारांची ट्रंक त्यांनी ओढली आणि बराच वेळ आत उलथापालथ केली. मी मनात म्हटलं, आता काय हरवलं? आणि कुठे सापडवायचं? पण या वेळी त्यांना हवं ते त्यांनाच सापडलं. पोलादी पकडीसारखं काहीतरी, दोन नांग्या आणि खाली ओळीनं सहा भोकं.

"खेकडा," ते म्हणाले. "खड्ड्यात दोघं उतरले की स्विचला एकाचं कुलूप पुरत नाही. हा लावायचा आणि याच्या भोकांत दोघांची दोन कुलपं. एकानं काढलं तरी उघडत नाही. दोघं बाहेर आले, दोघांनी काढली, की मगच."

त्यांनी राहिलेली बॅटरी आणली. दोन्ही सेल तीन पॉइंट आठ, आम्हाला मोजून दाखवलं. तिला बझर, फ्यूज, आणि कपाटातल्या नखरेबाज चार्जरसकट लोखंडी डब्यात ठेवलं. जुना चार्जर ठेवला नाही. त्याची वायर त्यांनी पकडीनं कापली, एका झटक्यात. मग बाल्कनीतल्या पेटीकडे बोट दाखवून लेकीला म्हणाले, "ती उद्या उखडून टाक. वीज चालू ठेवायला कुलूप लावतात का कधी? मी लावलं. चौतीस वर्षं काम केलेल्या माणसानं."

"बाबा, होतं असं कधी कधी."

"नाही होत."

डब्याच्या कडीत त्यांनी खेकडा अडकवला. पहिल्या भोकात आपलं लाल कुलूप घातलं. "तुझं आण," मला म्हणाले.

माझं कुलूप कुठलं असणार? कापडांच्या पेटीचं छोटं पितळी होतं, ते आणलं. दुसऱ्या भोकात घातलं. लाल कुलपाशेजारी ते बाहुलीचं वाटत होतं.

"उद्या सकाळी सातला दोघांनी मिळून उघडायचं," मास्तर म्हणाले. "मी जोडणार, तू वाचणार. किती सेल, किती व्होल्ट, मोठ्यानं. तू हो म्हटल्याशिवाय मी बटण दाबणार नाही. दहाला हॉल." मग त्यांनी नवा टॅग काढून पेनसकट माझ्यापुढे धरला. "लिही."

मी पहिल्या रकान्यात दोघांची नावं लिहिली. दुसऱ्यात वेळ, चार वाजून दहा मिनिटं. तिसऱ्याशी पेन थांबलं.

"कारण?" मी विचारलं.

लेक मुंगळ्याचा टॉवेल घट्ट करत होती. मी लिहिलं, जुना चार्जर, बिघाड.

मास्तरांनी चष्मा लावून वाचलं. "चार्जर बिघडला नव्हता. बटण तीनवर होतं."

"मला दिसलं होतं," मी म्हटलं. बोलायचं नव्हतं, पण निघून गेलं. "कपडे काढायला गेले तेव्हाच. मी बोलले नाही. चहा विचारला."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, रागावतील. त्यांनी माझ्या मनगटावरच्या मलमाकडे पाहिलं, मग चष्म्याच्या रिकाम्या घराकडे. ते उघडं होतं. त्यांनी मिटलं.

"किल्लीसुद्धा तूच ठेवतेस," ते म्हणाले.

मी मान हलवली.

त्यांनी माझ्या हातातला टॅग घेऊन फाडला. दोन तुकडे, चार तुकडे, खिशात घातले. नवा काढला. नावं त्यांनीच लिहिली, वेळही लिहिली, छापल्यासारख्या अक्षरात, आणि मग पेन पुन्हा माझ्या हातात दिलं. लेकीचे हात टॉवेलवर थांबले होते.

"खोटं कारण लिहिलेला टॅग मी माझ्या कुलपाला बांधत नाही," मास्तर म्हणाले. "लिही. मी विसरायला लागलोय."